केसपेपरवर फक्त ‘अशक्तपणा’

रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीच्या दारात रिक्षा थांबते. दोघं जण आजींना बगलेत हात घालून उतरवतात. काउंटरवरच्या ‘काय होतंय?’ला उत्तर येतं, ‘विशेष काही नाही, दोन दिवस अशक्तपणा आहे, जेवत नाहीत, मधेच काहीबाही बोलतात.’ केसपेपरवर एकच शब्द उतरतो: अशक्तपणा. पाठोपाठ हिरवी पट्टी, म्हणजे थांबू शकतो असा पेशंट. शेजारी मुतखड्याच्या कळांनी ओरडणारा तिशीतला तरुण आधी आत जातो. आजी ओरडत नाहीत, म्हणून बाकावर बसून राहतात. दोघांपैकी जिवाला धोका कोणाला, हे ठरवायला आवाजाचं माप चालत नाही. चूक इथूनच सुरू होते.

ऐंशीपुढच्या, आधीच खंगलेल्या माणसात आजार पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. न्यूमोनियात खोकला नसतो, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखत नाही, आतडं फुटलं तरी पोट मऊ लागतं. तिघांचीही तक्रार एकच: पडल्या, गोंधळल्या, जेवत नाहीत, उठता येत नाही. म्हणून ‘अशक्तपणा’ हे निदान समजायचं नाही. कालपर्यंत जे जमत होतं ते आज का जमत नाही, हा प्रश्न समजायचा.

त्यासाठी आधी ‘कालपर्यंत’ काय जमत होतं ते कळायला हवं. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात केनेथ रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजे माणूस किती खंगलाय ते मोजायची पट्टी, मांडलं. तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. पाचव्या पायरीपासून पुढे माणूस फ्रेल धरायचा, म्हणजे शरीराची शिल्लक संपत आलेला. आज ट्रॉलीवर कसे दिसतात यावरून हा आकडा द्यायचा नाही. दोन आठवड्यांपूर्वी कसे होते ते विचारून द्यायचा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: तापाने गळून गेलेल्या, एरवी रोज टेकडी चढणाऱ्या आजोबांना सात मिळतात आणि आयसीयूचा विषय परस्पर मिटवला जातो.

स्केलवरची इंग्रजी वाक्यं कोणाला विचारून उपयोग नाही. आमचे प्रश्न असे असतात. पेन्शन काढायला बँकेत कोण जातं? गोळ्या स्वतः काढून घेतात की हातावर द्याव्या लागतात? अंघोळीचं पाणी काढून द्यावं लागतं का, पाठ कोण चोळतं? रात्री संडासला एकट्या जातात का? शेवटचं घराबाहेर कधी पडल्या? उत्तर कोण देतंय तेही बघावं. मुलगा ‘एकदम ठणठणीत होती हो’ म्हणतो, तेवढ्यात मागून सून हळूच सांगते, ‘गेल्या दिवाळीपासून भिंतीला धरून चालतात.’ सुनेचं लिहून घ्यावं. सांभाळायला ठेवलेल्या मावशी सोबत असतील तर त्यांचं आधी.

मग बीपी, नाडी, ताप, श्वास. इथेही तरुणांचे आकडे चालत नाहीत. वरचं बीपी ११० असलं की आपण निर्धास्त होतो. पण ज्यांचं रोजचं १६० आहे त्यांच्यासाठी ११० हा शॉक असू शकतो. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल, या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या, चालू असतील तर रक्तस्राव होत असतानाही नाडी ७० वरच राहते. ताप येईलच असं नाही. पुन्हा पुन्हा ३७.२ अंश भरत असेल, किंवा नेहमीपेक्षा १.१ अंशाने वर असेल, तर तोच ताप धरायचा. सगळ्यात खरं बोलतो तो श्वास आणि नेमका तोच मोजला जात नाही. चार्टवर सगळ्यांचा १८ लिहिलेला सापडतो. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजावा. २५ च्या पुढे असेल तर हिरवी पट्टी काढून लाल लावावी, बाकी आकडे कितीही देखणे असोत.

बोटातली साखर बाकावरच तपासावी, नंबर लागेपर्यंत थांबू नये. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या डायबिटीसच्या गोळ्या घेणारी, दोन दिवस न जेवलेली, किडनी मंदावलेली म्हातारी व्यक्ती म्हणजे साखर उतरणारच. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलि, म्हणजे २५ ग्रॅम साखर, शिरेतून दिली की आजी डोळे उघडून ‘मी कुठाय?’ म्हणतात आणि नातेवाईक घरी न्यायची भाषा सुरू करतात. सोडू नये. गोळी शरीरात असेपर्यंत साखर पुन्हा उतरते आणि किडनी कमजोर असली की गोळीचा असर लांबतो. २४ तास तरी ठेवावं, सुरुवातीला दर तासाला साखर बघावी.

आता ‘काहीबाही बोलतात’ हा भाग. वयानं होतं असं म्हणून तो सोडून दिला जातो. काही तासांत किंवा दिवसांत आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ हा डिलिरियम. तो मेंदूने वाजवलेला भोंगा असतो, आग मात्र बहुधा दुसरीकडे लागलेली असते. तपासायला ‘फोर-एटी’ ही दोन मिनिटांची चाचणी आहे: जाग कशी आहे; वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल; महिने उलटे म्हणणं; आणि बदल अचानक झाला का. चार किंवा जास्त गुण म्हणजे डिलिरियमची दाट शक्यता.

आपल्याकडे ही चाचणी तशीच वापरली की अडते. जन्मतारीख अनेकांना ठाऊकच नसते. आधारवर १ जानेवारी किंवा १ जून असते, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. ती चूक धरणं अन्याय आहे. त्याऐवजी ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं का?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात पोरं केवढी होती?’ असं विचारलं की स्मरण कसं आहे ते कळतं. डिसेंबरपासून उलटं म्हणायला जमलं नाही तर फाल्गुनापासून उलटं म्हणायला सांगतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीही फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष असं घडाघडा म्हणतात, कारण सण त्यांनीच केलेले असतात. हा आमचा जुगाड आहे, प्रमाणित चाचणी नव्हे. पण माघापाशीच अडखळून त्या छताकडे बघत राहिल्या तर लक्ष टिकत नाही हे समोर दिसतं.

त्याआधी ऐकू येतंय का ते बघा. कानाचं मशीन घरी राहिलेलं असतं. ओरडून उपयोग नाही, ओरडल्यावर आवाज उंच होतो आणि म्हातारपणी नेमके उंच सूर आधी जातात. आपल्या स्टेथोस्कोपची टोकं आजींच्या कानात घालावीत आणि चकतीत हळू, जाड आवाजात बोलावं. पाच मिनिटांपूर्वी ‘ओरिएंटेड नाही’ असा शेरा मिळालेल्या आजी यावर नातवाचं नाव, गाव, सगळं सांगतात. चष्मा लावला की आणखी निम्मा गोंधळ जातो.

डिलिरियम दोन तऱ्हेचा. सलाइन उपटणारा सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटणारा मात्र ‘शांत झोपलेत’ म्हणून सुटतो, आणि जास्त घातक तोच. पहिल्या प्रकारात सवयीने फेनर्गन किंवा अ‍ॅव्हिल, ही अ‍ॅलर्जीची गुंगी आणणारी इंजेक्शनं, टोचली जातात. दोन्ही औषधं गोंधळ वाढवतात, लघवी अडवतात. लोराझेपाम हे झोपेचं औषधही नको, अपवाद दारू सुटल्यामुळे आलेला गोंधळ किंवा फिट. आधी वेदना, तहान, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ बघावं आणि ओळखीचं माणूस उशाशी बसवावं. माणूस स्वतःला इजा करून घेत असेल तरच हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध, पाव ते अर्धा मिलिग्रॅम. अँप्यूल पाच मिलिग्रॅमची येते. अख्खी दिली तर आजी दोन दिवस झोपतील आणि आपण सीटी काढत बसू. पार्किन्सन असेल तर हॅलोपेरिडॉलचं नाव काढू नये, आणि द्यायच्या आधी ईसीजी बघावा. हात बांधू नयेत. सलाइनवर क्रेप बँडेज गुंडाळून वर बाही ओढली की सुई नजरेआड होते, मग ओढणंही थांबतं.

गोळ्यांची पिशवी ही अर्धी हिस्ट्री. ट्रॉलीच्या कडेला वर्तमानपत्र पसरून ओतावी. एकच मेटोप्रोलॉल दोन कंपन्यांच्या नावांनी निघतं, एक हृदयवाल्यांचं, एक फॅमिली डॉक्टरांचं, आणि दोन्ही चालू असतात. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, प्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी: या तिघांनी मिळून किडनी बसते. लघवीच्या त्याच गोळीने, क्लोरथॅलिडोनने, रक्तातलं सोडियम उतरून ११८ वर आलेलं असतं आणि आपण गोंधळाचं कारण डोक्यात शोधत असतो. सोडियम चढवतानाही घाई नको: २४ तासांत ८ च्या पुढे नाही. तळाशी कागदी पुड्या निघाल्या, ‘वातावरचं औषध’, तर त्यात स्टेरॉइड असू शकतं हे धरून चालावं. वर्षभर घेऊन अचानक बंद झालं असेल तर न वाढणाऱ्या बीपीचं कारण तेच असू शकतं.

किडनीसाठी बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन ०.९ आलं की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. ८४ वर्षं, ३८ किलो, स्त्री, क्रिएटिनिन ०.९, हे किडनीचा वेग काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घातलं तर उत्तर मिनिटाला २८ मिलि येतं. स्नायूच उरलेले नाहीत, क्रिएटिनिन तयार कुठून होणार? ३० च्या खाली एनॉक्सापॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनचा, उपचाराचा डोस दिवसातून दोनदा नाही, एकदाच. पॅरासिटामॉलची १०० मिलिची बाटली म्हणजे एक ग्रॅम. किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर ३८ किलोला ५७ मिलि पुरेत, पण बाटली लावली की रिकामी होण्याआधी थांबवायचं कोणाला सुचत नाही. वजन विचारून डोस ठरवणं लहान मुलांच्या वॉर्डात सगळे करतात, आजींच्या बाबतीत मात्र सगळे विसरतात.

अंगावरचे कपडे पूर्ण बाजूला करून बघितल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नये. शाल पांघरून, पडदा ओढून, एका बाजूला वळवून. नऊवारीच्या घोळाखाली माकडहाडावर बेडसोअर निघतो, टाचेला काळा डाग निघतो, कधी दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ. वळ दिसले तर नातेवाइकांना चहाला पाठवून एकटीला विचारावं, ‘घरी कोणाची भीती वाटते का?’ नोंद करावी, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद करावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन अशा वेळी उपयोगी पडते. पाणी कमी आहे का ते हाताच्या कातडीवरून कळत नाही, ती या वयात तशीही सैलच असते. काखेत हात घालून बघावा. कोरडी ठाक काख आणि सुकलेली जीभ यांवर जास्त भरवसा. सलाइन २५० मिलिच्या टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर पाठीमागून फुप्फुसांचे तळ ऐकून.

लघवीच्या तपासणीबद्दल थोडं रागानेच लिहावं लागतंय. पस सेल्स, म्हणजे पूपेशी, १५-२० आल्या की ‘युरिन इन्फेक्शन’ लिहून शोध थांबतो. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही अशा म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू असणं फार सामान्य आहे आणि त्याला औषध लागत नाही. त्या शेऱ्याखाली न्यूमोनिया, सुटलेला हार्ट अटॅक, डोक्यातला रक्तस्राव दडून जातो. त्यातून पुढची चूक: नमुना मिळावा किंवा अंथरूण ओलं होऊ नये म्हणून कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. रात्री तो फुग्यासकट ओढला जातो आणि सकाळी रक्ताची लघवी. लघवी तुंबली असेल, किंवा तासातासाचा हिशेब खरोखर लागत असेल तरच घालावा. एरवी दर दोन तासांनी ‘जायचंय का?’ विचारून कमोडच्या खुर्चीवर बसवावं. डायपर ही सोय आपली असते, त्यांची नव्हे.

पडून आलेल्यांना दोन प्रश्न आधी. का पडल्या, आणि किती वेळ पडून होत्या? तासाहून जास्त असेल तर स्नायू मोडतात, सीपीके ही स्नायूंसाठीची रक्ततपासणी करावी, अंगाचं तापमान बघावं. डोकं आपटलं असेल आणि वय ६५ च्या वर असेल तर सीटीला हात आखडू नये; स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अजिबातच आखडू नये. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं फ्रॅक्चर कोणीही सांगेल. फसवतं ते आत रुतलेलं फ्रॅक्चर: पाय सरळ, एक्स-रे स्वच्छ, फक्त आजी त्या पायावर भार द्यायला तयार नाहीत. त्यांना ‘मुका मार’ म्हणून घरी पाठवू नये, सीटी किंवा एमआरआय करावं.

खुब्याच्या दुखण्याला ट्रामाडॉल हे आपलं आवडतं इंजेक्शन. या वयात त्याने उलट्या, गोंधळ आणि सोडियम उतरणं. त्याऐवजी मांडीच्या वर, सोनोग्राफीखाली फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा. ४० किलोच्या बाईला बुपिवाकेनची, म्हणजे त्यातल्या बधिर करणाऱ्या औषधाची, मर्यादा साधारण ८० मिलिग्रॅम. अर्ध्या टक्क्याचं १५ मिलि आणि सलाइन १५ मिलि मिळून ३० मिलि होतात, औषध ७५ मिलिग्रॅम. मॉनिटर लावलेला हवा, औषध चढलं तर त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन, कपाटात आहे ना ते आधी बघावं, आणि टोचण्यापूर्वी त्या पायाची संवेदना व नाडी लिहून ठेवावी. अर्ध्या तासात आजी एक्स-रेच्या टेबलावर ओरडेनाशा होतात. ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं म्हणून ऑर्थोला फोन त्याच वेळी करावा, सकाळच्या राउंडची वाट बघू नये.

तपासण्यांच्या रांगेत स्वतः कॅज्युअल्टीच दुखापत करत असते. ट्रॉलीची गादी चार बोटांची, तिच्यावर सहा तास उताणं. दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचांखाली घडी घालून त्या अधांतरी ठेवाव्यात. बसू शकत असतील तर सरळ खुर्चीत बसवावं. एसी २० वर असतो तो आपल्यासाठी. ब्लँकेट मागायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये. चिकटपट्टी ओढली की कातडी सोबत येते, कागदी टेप वापरावी आणि केसांच्या दिशेने हळू काढावी. ‘डॉक्टर येईपर्यंत काही देऊ नका’ या एका वाक्यावर माणसं रात्रभर उपाशी राहतात. पोटाचं किंवा ऑपरेशनचं कारण नसेल तर सरळ बसवून चमच्याने पाणी देऊन बघावं. ठसका लागला नाही, आवाज घोगरा-ओला झाला नाही, तर चहा आणि मारी बिस्कीट द्यावं. कवळी सीटीच्या आधी काढतात आणि ती चादरीबरोबर लाँड्रीत जाते. झाकणाची डबी, वर नाव, आणि हस्तांतराच्या कागदावर चष्मा, कवळी, काठी, कानाचं मशीन, मंगळसूत्र असं ओळीने लिहून सही.

निर्णयाची वेळ बहुधा रात्री दोनला येते. मुलगी समोर, मुलगा अमेरिकेत व्हिडिओ कॉलवर. तिथे दुपार असते आणि त्याने आईला तीन वर्षांत पाहिलेलं नसतं. ‘सगळं करा’ म्हणतो. ‘व्हेंटिलेटर लावू का?’ असा प्रश्न विचारला तर हेच उत्तर येणार. त्याऐवजी फ्रेल्टीचा आकडा समोर ठेवून सांगावं: वर्षभरात काय काय कमी होत गेलं, मशीन लावल्यावर घरी परत चालत जाण्याची शक्यता किती कमी आहे, मशीन न लावता आपण काय काय करणार आहोत. ‘आईला स्वतःला काय हवं होतं, कधी बोलल्या होत्या का?’ यावर बहुतेक घरांत उत्तर असतं. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची रीत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते. पण तो कागद कपाटात कुलपात असतो आणि किल्ली आजींच्या कमरेला.

घरी सोडायचं ठरलं तर आधी चालवून बघावं. खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, स्वतःच्या काठीने आणि स्वतःच्या चपलेत. मग झोपवून पाच मिनिटांनी बीपी, उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचं २० ने उतरलं तर उद्या पुन्हा पडणार हे नक्की. घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, संडास बसायचा की कमोड, आज रात्री सोबत कोण? यातलं एकही उत्तर अडलं तर सकाळपर्यंत ठेवून घ्यावं. कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत तीन ओळी: कोणत्या गोळ्या चालू, कोणती बंद, काय झालं तर परत या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन करावा. ‘कशा आहेत?’ असं विचारलं की ‘बऱ्या आहेत’ एवढंच कळतं. काल रात्री लघवीला किती वेळा उठल्या, सकाळी काय खाल्लं, आत्ता हातावर कोणकोणत्या गोळ्या ठेवल्या, रंग सांगा. फोनवर सून डबा उघडते आणि एकेक गोळी मोजून सांगते. त्यात बंद केलेली ग्लिमेपिराइड हमखास निघते, कारण स्ट्रिप अर्धी शिल्लक होती आणि टाकवत नव्हती. ती पुढच्या खेपेला औषधाच्या दुकानात परत करा असं सांगून, फोन चालू असतानाच ती डब्यातून बाहेर काढायला लावावी.